ध्यानाला बसायचंय, पण देव मानत नाही

वाचकाचं पत्र

माझं वय ५१. डोंबिवलीला राहते, फोर्टमधल्या एका बँकेत नोकरी करते. गेल्या वर्षभरात कंबर आखडायला लागली आहे आणि पहाटे तीनला टक्क जाग येते. मग बँकेतली कामं, मुलाची नोकरी, सासूबाईंची औषधं अशी सगळी मंडळी डोक्यात हजर होतात. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब काठावर आहे, वजन थोडं उतरवा, रोज हलका योग आणि ध्यान करा, तीन महिन्यांनी बघू.

अडचण अशी की मी देव मानत नाही. माझे वडील अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत होते, माहेरी देव्हारा कधीच नव्हता. सोसायटीच्या गच्चीवर योगवर्ग चालतो, तिथे जाऊन पाहिलं. सुरुवातीला प्रार्थना, मध्ये ओंकार आणि शेवटी व्हायब्रेशन आणि चक्रं यांवर भाषण. पुन्हा गेले नाही. घरी यूट्यूब लावून डोळे मिटले, तर दोन मिनिटांत उद्याच्या डब्याला कुठली भाजी यावर गाडी गेली. मन शांत होतच नाही. मांडीही धड घालता येत नाही, गुडघे वर राहतात. मैत्रीण म्हणते, हे किरकोळ प्रयोग सोड आणि सरळ इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन ये. नवरा नुसता हसतो. देवाधर्माला बाजूला ठेवून हे करता येतं का? येत असेल तर सुरुवात कुठून करू?

— एक वाचक, डोंबिवली


स. न. वि. वि.

येतं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, हे वाचता वाचताच पडताळून बघा. डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, उजव्या हाताची दोन बोटं ठेवा. नाडी लागली की श्वास सावकाश आत घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. पाच-सहा श्वासांत बहुतेकांच्या लक्षात येतं की श्वास घेताना ठोके थोडे घाईत पडतात आणि सोडताना रेंगाळतात. मेंदूच्या तळातून निघून हृदयापर्यंत येणारी व्हेगस नावाची नस श्वास सोडताना जास्त जोराने काम करते आणि हृदयाला मंदावते. त्यासाठी कोणाला मानावं लागत नाही, कोणाला नाकारावंही लागत नाही.

ज्या ओंकाराने तुम्ही बिचकलात त्याचंच घ्या. २००१ साली लुचियानो बेर्नार्दी या इटालियन डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक छोटासा प्रयोग छापला. २३ निरोगी माणसांना त्यांनी एकदा जपमाळेची ‘आवे मारिया’ ही लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा ‘ओम मणि पद्मे’ हा मंत्र. दोन्ही वेळा श्वासाचा वेग आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त तत्पर झाली. प्रार्थना ख्रिस्ती की मंत्र बौद्ध, याची शरीराला फिकीर नव्हती. ओळ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ श्वास लांबतो, ही त्यातली गोम. (गोव्यात रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे हीच जपमाळेची प्रार्थना, म्हणणाऱ्या आज्या यावर ‘त्यात नवल ते काय’ असं म्हणतील.) म्हणून मंत्र म्हणायचा नसेल तर नका म्हणू. सेकंदाला एक अशा चालीने चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, मिनिटाला सहाच श्वास होतात.

आता गच्चीवरच्या वर्गाबद्दल. प्रार्थनेवरून पळ काढलात हे मला थोडं घाईचं वाटलं. प्रार्थना चालू असताना गप्प बसता येतं, कोणी हजेरी घेत नाही. भाषणाची गोष्ट मात्र निराळी. ‘व्हायब्रेशनने पेशी शुद्ध होतात’, ‘अमुक आसनाने विषद्रव्यं निघून जातात’, ‘दीर्घ श्वसनाने रक्तात ऑक्सिजन भरतो’ ही वाक्यं ऐकायला वैज्ञानिक वाटतात, पण देव्हाऱ्यातल्या दाव्यांपेक्षा ती जास्त तपासलेली असतात असं नाही. ऑक्सिजनचं घरीच बघा. करोनात घेतलेला ऑक्सिमीटर कुठल्या तरी खणात पडलेला असेल. बोटाला लावून आकडा बघा, पाच मिनिटं दीर्घ श्वास घ्या, पुन्हा बघा. आधी ९७-९८ असेल तर नंतरही तिथेच असेल, कारण निरोगी माणसाचं रक्त आधीच जवळजवळ पूर्ण भरलेलं असतं. दीर्घ श्वसनाचा फायदा आहे, पण तो ऑक्सिजनचा नाही. तुमच्या वडिलांनी तुम्हाला ‘दाखवा, मग मानू’ हे शिकवलं असणार. ती चाळणी योगालाही लावा आणि योगाच्या नावाने हसणाऱ्यांनाही लावा.

आणि ही चाळणी महाराष्ट्रात काही आज आलेली नाही. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. त्यांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करणाऱ्यांचे क्ष-किरणांनी फोटो काढले, पोटातला दाब मोजला, आकडे छापले. माणूस संन्यस्त वृत्तीचा, पण म्हणणं असं की जे घडतं ते यंत्रावर दिसलं पाहिजे. त्यांचे सगळे निष्कर्ष आज जसेच्या तसे टिकतील असं नाही, मोजून बघण्याची वृत्ती घेण्यासारखी आहे. तुम्ही ज्या घरातून आलात त्या घराशी याचं काहीच भांडण नाही.

आता मुख्य तक्रार, मन शांत होत नाही. कोणाचंच होत नाही. हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना दिवसभरात अधूनमधून फोनवर विचारलं, आत्ता करताय काय आणि मन कुठे आहे? जवळजवळ निम्म्या वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. तेव्हा दोन मिनिटांत तुम्ही भाजीपर्यंत पोचलात यात बिघडलं काहीच नाही. यूट्यूबवरच्या त्या गोड आवाजाने ‘विचार थांबवा’ असं सांगितलं असेल तर त्याने तुम्हाला न होणारं काम दिलं.

ध्यानात काम एवढंच: लक्ष एका जागी ठेवायचं, ते निसटतं, निसटलेलं कळतं, परत आणायचं. हे परत आणणं म्हणजेच व्यायाम. पाच मिनिटांत वीस वेळा भाजी आठवली आणि वीस वेळा परत आलात तर वीस उठाबशा झाल्या. दिवसअखेर कॅश जुळली नाही तर तुम्ही गल्ल्यावर डोकं आपटत नाही, पुन्हा पहिल्या नोटेपासून मोजता. इथेही तसंच, आणि इथे वरून मॅनेजरही बघत नसतो.

करायचं कसं ते सांगते. जेवणाच्या टेबलाची साधी खुर्ची घ्या. प्लॅस्टिकची असेल तर भिंतीला टेकवून ठेवा, फरशीवर सरकते. पाठीला टेकू न घेता बसायला जमलं तर उत्तम, नाही तर उशी लावा. पावलं जमिनीवर पूर्ण टेकलेली, हात मांडीवर. फोनवर पाच मिनिटांचा गजर लावा आणि फोन पालथा ठेवा. डोळे मिटा, मिटून अस्वस्थ वाटत असेल तर समोर जमिनीवर हातभर अंतरावर नजर सैल सोडा. आता श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या, प्रत्येक सोडलेल्या श्वासाला मनात एक आकडा, एक ते दहा, मग पुन्हा एक. भाजी आली की मनातच ‘बेत’ म्हणा आणि एकपासून सुरू करा. मॅनेजर आला की ‘काम’. सासूबाईंची गोळी आठवली की ‘काळजी’. तेरा-चौदावर पोचलात असं ध्यानात आलं तर समजा की मधे कुठे तरी भटकून आलात. तेही छान, कळलं ना. पहिले दोन आठवडे पाचच मिनिटं. सहावं मिनिट करावंसं वाटलं तरी करू नका. उत्साहाच्या भरात पहिल्याच रविवारी चाळीस मिनिटं बसून बुधवारी सोडून देणारी माणसं मी फार बघितली आहेत.

वेळ कुठली, हे बायकांच्या बाबतीत ध्यानापेक्षा अवघड. ‘ब्राह्ममुहूर्तावर शांत खोलीत’ असं लिहिणाऱ्याने वन बीएचकेमध्ये डबे भरलेले नसतात. तुमचा सकाळचा कुकर लागल्यावर प्रेशर येईपर्यंतची आणि शिट्ट्या होईपर्यंतची वेळ तुमचीच असते, ती वापरा. शिट्टी हा व्यत्यय मानू नका, आवाज ऐकला, परत श्वासावर आलात, झालं. दुसरी जागा म्हणजे गाडी. डोंबिवलीहून सुटणारी लोकल मिळून बसायला जागा मिळाली (चौथी सीट धरत नाही, तिथे सगळं लक्ष पडू नये यातच जातं), तर ठाणे येईपर्यंत आकडे मोजा. उभ्याने प्रवास असेल तर डोळे उघडे ठेवा, पर्स पुढे धरा आणि फक्त दोन्ही तळव्यांकडे लक्ष द्या: गाडीने वळण घेतलं की भार कुठल्या पायावर जातो, ब्रेक लागला की टाच दाबते की चवडा. हेही ध्यानच, त्याला अगरबत्ती लागत नाही. दाराशी उभं राहून मात्र असलं काही करायचं नाही.

ॲपची गरज आहे का, असा पुढचा प्रश्न येईलच. सुरुवातीला कोणाचा तरी आवाज सोबतीला बरा वाटत असेल तर फुकटातलं मराठीतलं एखादं मार्गदर्शन ऐका, पण वर्षाची वर्गणी भरू नका. गजर पुरतो.

पहाटे तीनची जाग. तुमच्या वयात त्याचं एक कारण पाळी जाण्याचा काळ हे असू शकतं. अंगातून वाफा येतात का, घामाने जाग येते का, घोरण्याबद्दल घरचे काही बोलतात का, हे डॉक्टरांना सांगा, थायरॉइड तपासून घ्या. ध्यानावर सगळा भार टाकून या तपासण्या टाळू नका. जाग आल्यावर करायचं ते असं. घड्याळ बघू नका. उताणं किंवा कुशीवर पडून लक्ष डाव्या पायाच्या बोटांकडे न्या. तिथे काय जाणवतं? गरम, गार, चादरीचा स्पर्श, कदाचित काहीच नाही. मग तळवा, घोटा, पोटरी, गुडघा, असं सावकाश वर, मग उजवा पाय, पोट, पाठ, हात, जबडा, कपाळ. जबडा बहुतेक आवळलेला सापडेल. झोप लागावी म्हणून हे करायचं नाही, नाही तर दर मिनिटाला ‘लागली का’ हे तपासत बसाल. वीस-पंचवीस मिनिटांनी टक्क जागं असाल तर उठून बाहेर मंद दिव्यात बसा, फोन सोडून काहीही करा, डोळे जड झाले की परत या.

शरीरभर लक्ष फिरवण्याच्या या पद्धतीचा दवाखान्यात पद्धतशीर वापर सुरू केला तो जॉन कबाट-झिन यांनी, १९७९ साली, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात. जुनाट दुखण्याला कंटाळलेल्या रुग्णांसाठी त्यांनी आठ आठवड्यांचा कार्यक्रम बांधला. मूळ बौद्ध साधनेचं, पण बुद्ध, कर्म, निर्वाण हे शब्द बाहेर ठेवून. त्यात हलका हठयोगही आहे आणि एक बेदाणा पाच मिनिटं खाण्याचा प्रसिद्ध धडाही आहे. तुम्ही विचारता ते, देवाधर्माला बाजूला ठेवून, जगभरच्या इस्पितळांत चाळीस-पंचेचाळीस वर्षं चालू आहे.

मग त्याचा उपयोग किती? जाहिराती सांगतात त्याहून कमी आणि तुमचे मिस्टर समजतात त्याहून जास्त. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१४ साली ४७ चाचण्या आणि साडेतीन हजारांवर माणसांचा एकत्र हिशेब मांडला. चिंता, उदासी आणि दुखणं यांत मध्यम प्रतीचा पुरावा सापडला. फायदा खरा, पण माफक. आणि व्यायाम किंवा औषधासारख्या दुसऱ्या उपायांपेक्षा ध्यान सरस आहे, असं काही त्यात दिसलं नाही. मला हा निकाल आवडतो. चमत्कार नको असलेल्या माणसाला माफक फायदा पुरेसा असतो.

आता कंबर आणि गुडघे. मांडीचा विषय आधी संपवते. गुडघे वर राहतात कारण खुब्याचे स्नायू आखडलेले आहेत, आणि तुम्ही सपाट जमिनीवर बसताय. ढुंगणाखाली जुन्या चादरींची चार-सहा बोटं उंच घडी ठेवा, फक्त ढुंगणाखाली, मांड्यांखाली नाही. गुडघे खाली उतरतील, पाठ आपोआप ताठ होईल. घरात जुना पाट असेल तर त्यावर घडी घालून बसा. तरीही नाही जमलं तर खुर्ची आहेच. पतंजलींच्या १९५ सूत्रांत आसनावर जेमतेम तीन सूत्रं आहेत आणि त्यातलं पहिलं फक्त एवढंच म्हणतं की बसणं स्थिर आणि सुखाचं असावं. खुर्ची चालत नाही असं त्यांनी कुठे लिहिलेलं नाही. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी तर खुर्ची, पट्टा, दोरी, लाकडी ठोकळे, लोड यांच्या आधाराने म्हाताऱ्या आणि दुखणाईत माणसांकडून आसनं करून घेतली. आधार घेतला म्हणजे आसन कच्चं, हा समज काढून टाका.

संध्याकाळी घरी आल्यावर कपडे बदलायचे आणि स्वयंपाकघरात शिरण्याआधी पंधरा मिनिटं. एकदा शिरलात की तो दिवस गेला. दुपारच्या जेवणाला बराच वेळ झालेला असतो, पोट हलकं असतं, चहा नंतर घ्या.

पहिलं, स्वयंपाकाच्या ओट्याशी (हो, त्यापुरतं आत जा). दोन्ही हात ओट्याच्या कडेवर ठेवा आणि पाय मागे मागे नेत कमरेतून वाका, डोकं दोन्ही दंडांच्या मधे येईल आणि पाठ लांब होईल इतकं. गुडघे थोडे वाकलेले चालतील. पाच-सहा सावकाश श्वास. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसलेल्या पाठीला यासारखं सुख नाही. मग बाहेर येऊन चटईवर गुडघे-हात टेकून मार्जारासन. गुडघ्यांखाली टॉवेलची घडी. श्वास घेताना छाती पुढे, सोडताना पाठ वर कमानदार, आठ-दहा वेळा, श्वासाच्या चालीने. गुडघे कुरकुरले तर हेच खुर्चीत बसून मांडीवर हात ठेवून करा. मग उताणं झोपून एकेक गुडघा पोटाशी घ्यायचा, डोकं जमिनीवरच राहू द्यायचं. पवनमुक्तासनाच्या चित्रात हनुवटी गुडघ्याला लावलेली असते, तुम्ही लावू नका, मानेला ते नको आहे. मग दोन्ही गुडघे वाकवून, पावलं टेकवून, श्वास सोडत कंबर वर उचलायची आणि श्वास घेत मणका मणका करून खाली ठेवायची, पाच-सहा वेळा. हे सेतुबंधासन. कंबरदुखीत मांड्यांच्या आणि ढुंगणाच्या स्नायूंना काम मिळणं महत्त्वाचं, नुसतं ताणत बसून भागत नाही.

शेवटचं माझं लाडकं. चटईवर उताणं झोपा आणि दोन्ही पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, गुडघे काटकोनात. कमरेचा खालचा भाग जमिनीवर पसरतो. डोक्याखाली पातळ उशी, डोळ्यांवर रुमाल, पाच ते सात मिनिटं. एखाद्या दिवशी बाकी सगळं राहिलं तर एवढं तरी करा. सासूबाईंना विचित्र वाटेल, त्यांना सांगा की डॉक्टरांनी सांगितलंय. ते खरंच आहे. त्यांनाही खुर्चीत बसून घोटे फिरवायला आणि खांदे वरखाली करायला बसवा. मग त्या पंधरा मिनिटांत ‘अगं, माझं ते औषध’ ही हाक निदान कमी येईल.

ताण जाणवला पाहिजे, टोचणारं दुखणं नाही. कमरेतून पायात कळ किंवा मुंग्या उतरत असतील तर पुढे वाकण्याची आसनं बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब काठावर असताना श्वास रोखून धरायचा नाही, शीर्षासन-सर्वांगासन नको, कपालभाती आणि भस्त्रिका नकोत. गच्चीवर कोणी आग्रह केला तरी नकोत. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारं काहीही नाही, डोळ्यातला दाब वाढतो. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ झाल्याचं तपासणीत दिसलं तर पाठ गोल करून खोल वाकणं टाळायचं. सूर्यनमस्कार घालायचे का? औंधच्या राजेसाहेबांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत मुलांना घालायला लावलेला तो चांगला दमदार व्यायाम आहे, पण कंबर सुटेपर्यंत तुमच्यासाठी नाही.

आणि वजन. या पंधरा मिनिटांनी ते उतरणार नाही, हे आत्ताच सांगून टाकते म्हणजे तीन महिन्यांनी निराशा नको. त्यासाठी चाला. दुपारचा डबा झाल्यावर हॉर्निमन सर्कलच्या बागेला दोन-चार फेऱ्या मारा, संध्याकाळी स्टेशनवरून रिक्षाऐवजी पायी घरी या. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे ते लोणचं, पापड आणि फरसाणातच संपतं.

इगतपुरीचा विचार सध्या बाजूला ठेवा. सत्यनारायण गोएंका यांनी सुरू केलेल्या धम्मगिरी या तिथल्या केंद्राचं मला अप्रूप आहे. पैसे घेत नाहीत, आधीच्या साधकांच्या दानावर चालतं, जातधर्म विचारत नाहीत. पण दोन मिनिटांत भाजी आठवणाऱ्या माणसाने तिथे जाऊन पहाटे चारला उठायचं, दिवसाला साधारण दहा तास बसायचं, शेवटच्या दिवसापर्यंत बोलायचं नाही, वाचायचं नाही, फोन नाही, आणि कंबर आधीच आखडलेली! शिवाय संध्याकाळच्या प्रवचनांत पुनर्जन्माचा, संस्कारांचा उल्लेख येतो, पाली भाषेतली पदं येतात. तुम्ही मनातल्या मनात वाद घालत बसाल आणि वाद घालायला समोर कोणी नसेल. वर्षभर रोजचं बसणं टिकलं आणि तेव्हाही ओढ वाटली तर जरूर जा, खुर्ची मागून घ्या. ज्यांना पूर्वी मानसिक आजाराचा मोठा झटका येऊन गेला आहे त्यांनी असल्या लांब शिबिराआधी आपल्या मनोविकारतज्ज्ञांशी बोललंच पाहिजे. थोड्या बसण्यानेही कोणाकोणाच्या जुन्या आठवणी उसळतात, छातीत धडधडतं. तसं झालं तर डोळे उघडा, उठा, पाणी प्या, त्या दिवशी पुरे. ते वारंवार होत असेल, किंवा उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर ध्यान बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते, मराठीत बोलता येतं.

समोर शिकवणारं माणूस हवं असेल तर १९१८ साली स्थापन झालेली योग इन्स्टिट्यूट सांताक्रूझला आहे, दादरला गाडी बदलून जाता येतं. सुट्टी काढून काही दिवस जायचं असेल तर कैवल्यधाम. दोन्हीकडे प्रार्थना असेल, तेवढी सोसा. जवळचा गच्चीवरचा वर्गही मी यादीतून काढत नाही. तिथल्या शिक्षकांना आधी गाठून कंबर आणि रक्तदाब सांगा. त्यांनी ‘मग तुम्ही हे हे करू नका’ असं म्हटलं तर माणूस कामाचा आहे, चक्रांवर काहीही बोलो. ‘गोळ्या लागणारच नाहीत, लिहून देतो’ असं म्हटलं तर चप्पल घाला आणि खाली या.

मिस्टरांना पटवायला जाऊ नका, कामाला लावा. दंडावर बांधायचं रक्तदाबाचं यंत्र आणा आणि मोजण्याचं काम त्यांच्याकडे द्या. सकाळी चहाच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसल्यावर, हात छातीच्या पातळीत टेबलावर ठेवून, मिनिटभराच्या अंतराने दोनदा. आठवड्यातून तीन दिवस पुरे, रोज मोजून काळजी वाढवायची नाही. वहीत तारीख, दोन्ही आकडे आणि शेजारी त्या दिवशी बसलात की नाही एवढंच लिहा. तीन महिन्यांनी ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. आकडा उतरलेला नसेल आणि त्यांनी गोळी सुरू करायची म्हटली तर घ्या आणि कुकरच्या वेळचं बसणंही चालू ठेवा.